आई कुठे आहे?



कॅमेरा लावलाय ती आमच्या दुकानावरची खोली आहे. रायपूर, सदर बाजार. खालून स्कूटरचे हॉर्न ऐकू येतील, मधूनच कोणीतरी ओरडेल. त्याला इलाज नाही. ज्यांनी हा बाजार पाहिलेला नाही त्यांना सांगते, रायपूरच्या जुन्या वस्तीतला हा सराफा. रस्ता अरुंद, दोन्ही बाजूंना सोन्याचांदीची दुकानं आणि मागे बोळच बोळ.

मी गळाईवाल्यांच्या घरातली सून. सोनारांकडची मोड, कणी, झाडून गोळा केलेली धूळसुद्धा, या सगळ्यातून शुद्ध सोनं-चांदी वेगळी काढायची, हे आमचं काम. सांगली जिल्ह्यातल्या खानापूर-आटपाडीच्या दुष्काळी गावांतली माणसं हा धंदा घेऊन देशभर गेली. तुम्ही कुठल्याही मोठ्या शहरातल्या सराफ्यात जा, एखाद्या बोळात आमच्याकडचं कोणीतरी भट्टी लावून बसलेलं सापडेल. आमचे मामंजी असेच विट्याकडून इथे आले. मी लग्न होऊन आले तेव्हा मला हिंदी धड येत नव्हतं. आता भाजीवालीशी छत्तीसगढीत भांडते.

आज मला दोन गोष्टी सांगायच्या आहेत. घरच्या कुत्र्या-मांजरांची नसबंदी का करायची, आणि प्राण्यांच्या शेल्टरला मदत कशी करायची. या दोन गोष्टी वेगळ्या नाहीत हे मला फार उशिरा कळलं. त्या उशिराची किंमत मी भरली नाही, आमच्या राणीनं भरली. म्हणून आधी राणीचं सांगते.

२०१४ च्या दिवाळीत आमच्या दुकानातल्या बंगाली कारागिरानं एक पिल्लू उचलून आणलं. तपकिरी रंग, एक पाय पांढरा. साधं गल्लीतलं पिल्लू. सासूबाई म्हणाल्या, "राहू दे ग, रात्रीची राखण होईल." आणि खरंच झाली. सराफ्यात रात्री बारानंतर अनोळखी पाऊल वाजलं की राणी आधी भुंकायची आणि मग चौकीदाराची शिट्टी ऐकू यायची.

वर्षभरात ती माजावर आली. गल्लीतले नर आमच्या पायरीवर ठाण मांडून बसले. रात्रभर मारामाऱ्या. आमच्या ह्यांनी तिला कोंडून ठेवली, पण एक दिवस दार उघडं राहिलं आणि व्हायचं ते झालं. तिला सहा पिल्लं झाली. सासूबाईंनी तिला गूळ घालून लापशी करून दिली, घरात बाळंतीण असल्यासारखी. मला कौतुक वाटलं, ते मी नाकारत नाही. पिल्लांचे डोळे उघडले तेव्हा शेजारपाजारची मुलं रांग लावून बघायला यायची.

दीड महिन्यानं मी ती वाटली. मागेल त्याला दिली. दुसऱ्या वेळी सात झाली, तीही वाटली. मी लोकांना अभिमानानं सांगायचे, "आमच्या राणीची तेरा पिल्लं, तेराही घरी लागली."

तिसऱ्या वेळी पाच झाली. २०१९ चा फेब्रुवारी. एक पिल्लू, चिमी, आमच्या मुलानं ठेवून घेतलं. उरलेली चार घ्यायला यावेळी कोणी आलं नाही. ज्यांना द्यायची त्यांना आधीच देऊन झाली होती. शेवटी मी त्यांना साड्यांच्या खोक्यात घातलं, रिक्षा केली आणि शहराबाहेरच्या एका शेल्टरवर गेले. पाचशे रुपये देणगी द्यायची असंही ठरवलं होतं. आपण पुण्याचं काम करतोय असंच मनात होतं.

तिथे एक मुलगी पाइप घेऊन फरशी धूत होती. तिनं खोक्यात पाहिलं. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, "इनकी माँ कहाँ है?"

मी म्हटलं, घरी.

"उसका ऑपरेशन हुआ?"

मी म्हटलं, नाही.

ती काही बोलली नाही. मागच्या पिंजऱ्यांकडे हात केला. एकेका पिंजऱ्यात चार-चार, पाच-पाच पिल्लं होती. ती म्हणाली की यातली बरीचशी अशीच खोक्यातून येतात. आणि लस न झालेली लहान पिल्लं इथे आली की पार्व्हो किंवा डिस्टेंपरची साथ त्यांनाच आधी धरते, त्यांतली कितीतरी वाचत नाहीत. म्हणजे ज्या दारात मी त्यांना सुरक्षित म्हणून सोडत होते, तिथे त्यांच्या जिवाला घरापेक्षा जास्त धोका होता. पाचशेची नोट मी तिच्या हातात दिली तेव्हा मला स्वतःलाच ओशाळल्यासारखं झालं.

घरी येऊन मी जुन्या तेरांची चौकशी केली. आधी कधी केली नव्हती. तेरांतली तीन घरात होती. दोन गाडीखाली गेली होती. एकाला घरमालकानं सोडायला लावलं होतं. बाकीच्यांबद्दल उत्तर एकच, "भाग गया." तेव्हापासून मी "तेराही घरी लागली" असं म्हणणं बंद केलं.

मंडळी, एवढं कळूनही मी पुढे काय केलं? काहीच नाही. हे मला कबूल केलंच पाहिजे. राणीला माजाच्या दिवसांत खोलीत कोंडायचं, एवढाच उपाय केला. सासूबाई म्हणायच्या, "देवाच्या कामात हात घालू नये." ह्यांना ऑपरेशनची भीती. आणि मला वाटायचं, पिल्लं होत नाहीत ना, मग झालं.

२०२१ च्या पोळ्याच्या आठवड्यात राणीनं खाणं सोडलं. पाणी मात्र सारखं प्यायची आणि पुन्हा पुन्हा लघवीला जायची. मला वाटलं, उकाड्यामुळे असेल. तिसऱ्या दिवशी उलट्या झाल्या, पोट टम्म झालं. डॉक्टरांनी सोनोग्राफी करून सांगितलं, गर्भाशयात पू झालाय. पायोमेट्रा. त्याच रात्री ऑपरेशन केलं. जे ऑपरेशन ती धडधाकट असताना ठरवून करता आलं असतं, तेच आता विष अंगात भिनल्यावर करावं लागलं. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. डॉक्टरांनी त्यांच्याकडून सगळं केलं. उशीर माझा होता.

आता हा पायोमेट्रा काय आहे ते नीट समजून घ्या, कारण तुमच्यातल्या बऱ्याच जणांच्या घरी नसबंदी न झालेली मादी असेल. कुत्री माजावर येऊन गेली की, पिल्लं राहोत न राहोत, तिच्या अंगात प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक काही आठवडे वाढलेलं राहतं. त्यानं गर्भाशयाचं अस्तर जाड होतं. प्रत्येक माजागणिक हे घडतं. अशा अस्तरात जंतू शिरले की पू साठायला लागतो. साधारण माजानंतर एक-दोन महिन्यांत हे दिसतं. गर्भाशयाचं तोंड उघडं असेल तर पू बाहेर येतो आणि आपल्या लक्षात येतं. तोंड बंद असेल तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि तेच जास्त घातक. म्हणजे मी राणीला कोंडून पिल्लं थांबवली, हा आजार नाही थांबवला. गर्भाशय आणि अंडाशय काढलेल्या मादीला हा आजार जवळपास होतच नाही.

दुसरा फायदा स्तनांच्या गाठींचा. पहिल्या-दुसऱ्या माजाच्या आधी नसबंदी झाली तर या गाठींचा धोका कमी राहतो असं पशुवैद्य सांगतात. तिसरा, संभोगातून पसरणारी एक गाठ असते, टीव्हीटी म्हणतात तिला. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांमध्ये ती बरीच दिसते. समागमच टळला की तिचा मुख्य रस्ता बंद होतो. नरांचं म्हणाल तर वृषणाच्या कर्करोगाचा प्रश्न संपतो, उतारवयात प्रोस्टेट सुजण्याचा त्रास फारच कमी होतो. आणि मादीच्या वासानं दार ओलांडून पळणं, मग गाडीखाली येणं, अनोळखी कुत्र्यांशी मारामारी, हेही कमी होतं.

मांजरांची गोष्ट तर अजून घाईची. मांजर चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते. "अजून लहान आहे" म्हणेपर्यंत पिल्लं झालेली असतात.

आता दुसरी बाजूही सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल बाई नुसती जाहिरात करते. नसबंदीनंतर जनावराची भूक वाढते आणि गरज कमी होते. जेवण मोजून दिलं नाही तर ते लठ्ठ होतं. काही माद्यांना पुढे लघवी गळण्याचा त्रास होतो, त्यावर औषध असतं. लॅब्रॅडॉर, गोल्डन रिट्रीव्हर, जर्मन शेफर्ड अशा मोठ्या जातींत फार लवकर ऑपरेशन केलं तर सांध्यांचे विकार वाढू शकतात असं अभ्यासांत दिसलंय, म्हणून त्यांचं वय डॉक्टरांना विचारून ठरवा. आणि भित्रं किंवा चावरं कुत्रं नसबंदीनं आपोआप शहाणं होईल अशी आशा धरू नका. ते काम शिकवण्याचं आहे.

"एकदा तरी तिला आई होऊ दे." हे वाक्य मी सासूबाईंच्या तोंडून ऐकलं, तुम्ही तुमच्या घरी ऐकलं असेल. एका वेतानं तब्येत सुधारते याला वैद्यकात आधार नाही. आणि आईपण द्यायचंच असेल तर त्या पिल्लांचं पुढे काय, हेही बघायला हवं. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या ९५ वेतांतल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. २०१६ साली त्यांनी लिहिलं की सातव्या महिन्यापर्यंत त्यांतली फक्त १९ टक्के जगली. मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या मरणात माणसाचा हात होता, कुठे गाडी, कुठे मार, कुठे उचलून नेणं. व्हॉट्सअॅपवर फिरतं ना, एका कुत्रीपासून सहा वर्षांत हजारो कुत्री होतात म्हणून? ते तसं होत नाही. होत नाही, कारण बहुतेक पिल्लं आपल्या डोळ्यांसमोर मरतात.

आमच्या धंद्यात एक साधी गोष्ट आहे. मूस तडकली आणि सोनं गळायला लागलं तर आधी मूस बदलतात, खाली सांडलेलं नंतर वेचतात. मी पाचशे रुपये घेऊन शेल्टरवर गेले तेव्हा तडकलेली मूस घरी ठेवून गेले होते. कोणतंही शेल्टर घ्या, तिथली जागा, माणसं, औषधं मोजकी असतात. तुमच्या घरातून एक खोकं कमी आलं तर ती तुमची पहिली देणगी.

राणी गेल्यावर महिन्याभरात मी चिमीचं ऑपरेशन करून घेतलं. संध्याकाळी घरी आली, आठ-दहा दिवस गळ्यात ती प्लास्टिकची कॉलर घालून सगळ्यांवर रुसून बसली, मग टाके निघाले आणि विषय संपला. सासूबाईंनी तिलाही गूळ घालून लापशी दिली. काही बोलल्या मात्र नाहीत.

मग मी गल्लीकडे बघायला लागले. सदर बाजारात जैन, मारवाडी, गुजराती व्यापारी पुष्कळ. सकाळी पोळी-बिस्किटं घालणारे हात कमी नाहीत. पण घालणाऱ्यांना ऑपरेशन पाप वाटायचं, आणि न घालणारे म्हणायचे, "उचलून जंगलात सोडा." त्यातच समोरच्या दुकानातल्या नोकराच्या पोराला एक कुत्री चावली. तिची पिल्लं पायरीखाली होती, पोरगं वाकून बघत होतं. पोराची आई माझ्याशी तावातावानं भांडली. तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही. तिच्या पोराला चावलं होतं. जखम साबणानं, वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि लगेच दवाखान्यात जाऊन लस सुरू करायची, एवढं आम्ही केलं. रेबीज एकदा झाला की उपाय उरत नाही. हळद-चुना लावत बसू नका.

त्या दिवशी मी दुकानातली एक जुनी वही घेतली आणि गल्लीतली कुत्री लिहून काढली. अकरा. रंग, नर की मादी, कुठे झोपतं, कोण खायला घालतं. पाच माद्या. रोज खायला घालणाऱ्या शेठजींकडे मी वही घेऊन गेले. त्यांना म्हटलं, "तुमच्या हातचं खातात म्हणून तुमच्याच हाताला येतील. पकडणाऱ्या माणसाला जाळं टाकावं लागतं, तुम्हाला बिस्कीट पुरेल." ते बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी मागच्या थंडीत त्यांच्या ओट्याखाली मेलेल्या पिल्लांची गोष्ट स्वतःच काढली. पहिली कुत्री त्यांनीच गाडीत चढवून दिली.

पाचही माद्यांना सव्वा वर्ष लागलं. कधी गाडी आली नाही, कधी कुत्री सापडली नाही, एकदा सापडली तर दूध पाजणारी निघाली. पिल्लं पीत असतील तर आईला उचलायचं नाही, हा नियमच आहे. यंदाच्या थंडीत आमच्या बोळात एकही नवं पिल्लू जन्मलं नाही. ज्या आईशी माझं भांडण झालं होतं ती आता ओळखीनं हसते. मैत्री झाली असं नाही म्हणणार.

थोडं कायद्याचं सांगते, कारण लोक विचारतात की ऑपरेशन केलेली कुत्री परत इथेच का आणून सोडता? देशात यासाठी २००१ पासून नियम आहेत आणि १० मार्च २०२३ ला नवे नियम आले. कुत्रं पकडायचं, नसबंदी करायची, रेबीजची लस द्यायची, कानाला खूण करायची, निदान चार दिवस देखभाल करायची आणि जिथून उचललं तिथेच सोडायचं. कानाचं टोक कापलेलं दिसलं तर समजा, या कुत्र्याचं ऑपरेशन झालंय. पाळीव जनावराची नसबंदी आणि लसीकरण ही मालकाची जबाबदारी, हेही त्याच नियमांत आहे.

त्याच जागी का, याचं उत्तर जुनं आहे. कुत्री मारून किंवा हटवून मोकळी केलेली जागा फार दिवस मोकळी राहत नाही, खाणं असेल तिथे बाजूच्या भागातली येतात. मुंबईत १८३२ साली इंग्रजांनी कुत्री मारायचा हुकूम काढला तेव्हा पारशी लोक रस्त्यावर उतरले, दंगल झाली. त्यानंतरही अनेक शहरांत दीडशे वर्षं मारणं चालूच होतं आणि कुत्री काही संपली नाहीत. चेन्नईच्या ब्लू क्रॉसनं १९६० च्या दशकातच नसबंदीचा रस्ता धरला होता, पुढे तोच देशाचा नियम झाला. लसीकरणाचं उदाहरण हवं असेल तर गोवा बघा. गावोगाव फिरून वर्षानुवर्षं कुत्र्यांना लस टोचली आणि २०२१ मध्ये गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर झाला.

२०२५ मध्ये हा विषय सर्वोच्च न्यायालयात गाजला. २२ ऑगस्टच्या आदेशात न्यायालयानं म्हटलं, नसबंदी आणि लस झालेली कुत्री त्यांच्या जागी सोडा, रेबीज झालेली किंवा आक्रमक सोडू नका, आणि खायला ठरवून दिलेल्या जागीच घाला. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वे स्थानकं इथली कुत्री हलवून शेल्टरमध्ये ठेवायचा आदेश आला. याबद्दल तुमचं मत काहीही असो, शेल्टरवरचा भार वाढणार हे उघड आहे.

मग शेल्टरला मदत कशी करायची? माझ्या अनुभवातून सांगते.

आधी स्वतः जाऊन बघा. पाणी स्वच्छ आहे का, आजारी जनावरं वेगळी ठेवलीत का, नोंदवही आहे का, संस्था नोंदलेली आहे का. नुसते इन्स्टाग्रामवरचे व्हिडिओ बघून पैसे पाठवू नका.

वाढदिवसाला एकदाच पाच हजार देण्यापेक्षा दर महिन्याला दोनशे द्या. औषधवाल्याचं बिल दर महिन्याला येतं.

जुन्या चादरी, गोणपाट, वर्तमानपत्रं, तांदूळ, फिनाइल, यांतलं काय हवं ते फोन करून विचारा. आमच्या रायपूरला नौतपा लागतो तेव्हा पंखा, कूलर, हिरवं कापड यांची किंमत कळते.

पैसे नसतील तर वेळ द्या. आठवड्यातून एक सकाळ फरशी धुवा. ऑपरेशन झालेल्या एखाद्या जनावराला पाच-सहा दिवस घरी सांभाळा, म्हणजे शेल्टरमधली एक जागा दुसऱ्यासाठी मोकळी होते.

कुत्रं पाळायचंच असेल तर तिथून आणा. गावठी कुत्रं आपल्या उन्हाला, आपल्या भाकरीला सरावलेलं असतं.

आणि पिल्लं सापडली तर लगेच खोक्यात भरू नका. आधी दूर उभं राहून आईची वाट बघा. आई असेल तर पिल्लं तिच्याजवळच राहू द्या, तिला खायला घाला, पिल्लांचं दूध सुटलं की आईला ऑपरेशनला न्या. पिल्लांना लस द्या आणि मग घरं शोधा. ज्याला द्याल त्याच्याकडून नसबंदीचा शब्द घ्या आणि सहा महिन्यांनी फोन करून विचारा. मी तेरा वेळा हे केलं नाही.

त्या शेल्टरवर मी आता महिन्यातून दोनदा जाते. ती मुलगी अजून तिथेच आहे. एकदा मी तिला विचारलं, त्या चारांचं काय झालं? तिनं वही काढून बघितलं. दोन गेली, दोन घरी गेली. त्यांतल्या एकीचा फोटो तिच्याकडे होता. तपकिरी रंग, एक पाय पांढरा, कानाचं टोक कापलेलं.

तुमच्या दारात आज एखादं पिल्लू दिसेल. त्याला दूध द्याल, मला खात्री आहे. दूध दिल्यावर आजूबाजूला बघा आणि विचारा, याची आई कुठे आहे?